चिकटून जगणारे

पनवेलला तळ्यांचे गाव म्हणून ओळखणारी पिढी अजून आहे. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे ही नावे आजही गावाच्या बोलण्यात रोज येतात. या तळ्यांच्या काठचे दगड पावसाळ्यात निसरडे होतात आणि लोक त्याला शेवाळ म्हणून मोकळे होतात. ते खरेच आहे. पण शेवाळाच्या हिरव्या तंतूंखाली, दगडाला अगदी लगटून, आणखी एक थर असतो. त्याला रंग नसतो, असलाच तर किंचित तपकिरी. बोट फिरवले तर बुळबुळीत लागतो. शेवाळ येण्याआधी तो आलेला असतो आणि उन्हाळ्यात शेवाळ वाळून गेले तरी दगडाच्या खाचांत टिकून राहतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या आत, मोरीच्या जाळीखाली, माठाच्या तळाशी, सकाळी उठल्यावर दातांवर, सगळीकडे तोच असतो. या थराला सूक्ष्मजीवशास्त्रात बायोफिल्म म्हणतात. पृष्ठभागाला चिकटलेले, स्वतः तयार केलेल्या चिकट द्रव्यात गुरफटलेले आणि एकमेकांच्या आधाराने जगणारे सूक्ष्मजीव म्हणजे बायोफिल्म.

व्याख्या एवढ्यात संपते, पण तिने जीवाणूंचे जुने चित्र पुसून टाकले. शाळेच्या पुस्तकात जीवाणू एकटा असतो: एक पेशी, तिला शेपटीसारखी कशाभिका, आणि भोवती मोकळे पाणी. हे चित्र प्रयोगशाळेने दिले. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट कॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक जात वेगळी करून वाढवण्याची पद्धत बसवली. क्षय, पटकी यांसारख्या रोगांचे कारण त्याच पद्धतीने हाती लागले, त्यामुळे तिचे ऋण मोठे आहे. पण चंबूतल्या पोषक रसात मजेत तरंगणारा जीवाणू हाच जीवाणूचा नेहमीचा अवतार, असा समजही त्याच पद्धतीने रुजवला आणि तो शंभर वर्षे टिकला. तळ्यात, मातीत, शरीरात असे सुखाचे रस क्वचितच मिळतात. तिथे पाणी वाहते, अन्न अपुरे असते आणि खाणारे टपलेले असतात. अशा ठिकाणी चिकटून राहणाराच टिकतो. पृथ्वीवरच्या जीवाणू आणि त्यांच्यासारखेच एकपेशीय असलेले आर्किया यांच्या पेशींपैकी ४० ते ८० टक्के पेशी बायोफिल्मच्या रूपात जगतात, असा अंदाज २०१९ मध्ये हान्स-कुर्ट फ्लेमिंग आणि स्टीफन व्युर्ट्झ यांनी मांडला. म्हणजे तरंगणे हा पुष्कळांच्या आयुष्यातला प्रवासाचा काळ असतो, मुक्काम पृष्ठभागावरच.

ही गोष्ट पहिल्यांदा पाहणारा माणूस हॉलंडमधला कापडाचा व्यापारी होता. अंतोनी व्हॅन लेव्हेनहुक याने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचे किटण काढून आपल्या भिंगाखाली धरले आणि त्यात वळवळणारे जीव पाहिल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. पुढे त्याने व्हिनेगरने दात धुऊन पाहिले. तेव्हा किटणाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मेले, आतले मात्र तसेच राहिले, अशी नोंद त्याने केली. आज रुग्णालयातला डॉक्टर ज्या अडचणीशी झगडतो ती या एका निरीक्षणात जवळजवळ पुरती सापडते. तिचा अर्थ लागायला तीनशे वर्षे गेली.

मधल्या काळात धागा पकडणारे थोडेच. अमेरिकेत मिनेसोटाच्या आर्थर हेन्रिची यांनी १९३३ मध्ये काचपट्ट्या पाण्यात बुडवून ठेवल्या, ठरावीक काळाने काढल्या आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पाण्यातले बरेचसे जीवाणू तरंगत नसून बुडालेल्या पृष्ठभागांवर वाढतात, हे त्यांना दिसले. दहा वर्षांनी क्लॉड झोबेल यांनी समुद्राच्या पाण्याबद्दल तेच दाखवले. १९७८ मध्ये कॅनडातील बिल कॉस्टर्टन यांनी जीवाणू कसे चिकटतात यावर सर्वसामान्य वाचकांसाठी लेख लिहिला. त्यानंतर हा विषय उभा राहिला तो बराचसा त्यांच्या चिकाटीमुळे. डोंगरी ओढ्यांतल्या दगडांवर काम करणाऱ्या या संशोधकाला पुढे हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य बोलावू लागले, कारण त्यांच्या रुग्णांत तोच थर सापडत होता.

आता हा थर जमतो कसा, ते सावकाश पाहायला हवे.

स्वच्छ काचेचा तुकडा तळ्यात सोडला, तर पहिल्या काही मिनिटांत त्यावर क्वचितच एखादा जीवाणू बसलेला असेल. तरी काच मात्र आधीची राहत नाही. पाण्यात विरघळलेली प्रथिने, शर्करा, कुजत्या पानांतून सुटलेले पदार्थ तिच्यावर रेणूंच्या जाडीचे अस्तर चढवतात. जीवाणू चिकटतो तो काचेला कमी आणि या अस्तराला जास्त. भिंतीलगत पाण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे तिथे पोचलेली पेशी काही क्षण रेंगाळते. तिचा आणि पृष्ठभागाचा विद्युतभार बहुधा एकाच जातीचा, म्हणजे ऋण असल्याने दोघे एकमेकांना दूर ढकलतात. कशाभिकेच्या जोरावर पेशी तेवढे अंतर तोडते आणि टेकते. टेकलेल्यांपैकी पुष्कळ जणी सुटून परत पाण्यात जातात. हा टप्पा उलटवता येणारा असतो, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने तोच सर्वांत सोयीचा.

ज्या उरतात त्या हालचालीची साधने बदलतात. स्यूडोमोनास एरुजिनोसा या सर्वत्र आढळणाऱ्या जीवाणूच्या अंगावर बारीक रोम असतात. तो रोम पुढे फेकतो, टोक पृष्ठभागात रुतवतो आणि रोम आखडून स्वतःला ओढतो. असा तो रांगतो. पेशीच्या आत तेव्हा एका छोट्या संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढते. त्याचे नाव सायक्लिक-डाय-जीएमपी. जेरुसलेममध्ये मोशे बेन्झिमान यांच्या गटाने १९८७ मध्ये तो शोधला, तोही सेल्युलोज बनवणाऱ्या, व्हिनेगरच्या गोतावळ्यातल्या एका जीवाणूत. हा रेणू वाढला की कशाभिका थंडावते आणि चिकट द्रव्य बनवणारी यंत्रणा कामाला लागते. तो घटला की पेशी पुन्हा पोहू लागते. राहायचे की निघायचे हा निर्णय पेशी या एका रेणूच्या चढउतारावर घेते, आणि शेकडो जातींत हीच पद्धत सापडली आहे.

चिकट द्रव्य हा बायोफिल्मचा प्राण. चिरलेल्या भेंडीच्या बुळबुळीसारखे ते लागते, आणि बहुतांशी पाणीच असते. उरलेल्यात लांबलचक शर्करासाखळ्या, प्रथिने, मेद आणि पेशींबाहेर पडलेला डीएनए. डीएनए म्हणजे वारशाचा दस्तऐवज, एवढेच माहीत असणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण २००२ मध्ये संशोधकांनी डीएनए तोडणारे विकर घालून कोवळा थर विरघळवून दाखवला, तेव्हा तो तिथे बांधकामाचे सामान म्हणूनही वापरला जातो हे मान्य करावे लागले. पाणी काढून टाकले तर थराच्या वजनात पेशींचा वाटा बहुधा दहा टक्क्यांच्याही आत भरतो. बाकी सगळे त्यांनी बांधलेले.

या द्रव्यात पेशींच्या लहान लहान वस्त्या वाढतात. वस्त्यांमधून पाण्याच्या वाटा राहतात. त्यांतून अन्न आत येते, टाकाऊ बाहेर जाते. वरच्या पेशी प्राणवायू संपवतात, त्यामुळे केसाच्या जाडीएवढ्या अंतरावर, थराच्या आत, प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जाती सुखाने राहतात. एकीचे टाकाऊ ते दुसरीचे अन्न होते. संख्या किती झाली हेही त्यांना कळते. प्रत्येक पेशी एक रेणू बाहेर सोडत राहते. गर्दी वाढली की त्याची तीव्रता ठरावीक पातळीवर पोचते आणि सगळ्यांची जनुके एकदम नवे काम सुरू करतात. समुद्रात प्रकाश देणाऱ्या जीवाणूंत हा प्रकार नीलसन आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० च्या सुमाराला उलगडला. १९९८ मध्ये स्यूडोमोनासच्या थराच्या घडणीशी त्याचा संबंध जुळला. शेवटी उपासमार झाली, प्रवाह वाढला किंवा आतल्या पेशींना निघायचा इशारा मिळाला की थराचे तुकडे सुटतात. पेशी पुन्हा कशाभिका धारण करतात आणि खालच्या अंगाला नवी जागा शोधतात.

पनवेलच्या पाण्याचा मार्ग या नजरेने पाहिला तर तो एका मोठ्या पृष्ठभागाचा मार्ग दिसतो. १८५२ मध्ये स्थापन झालेली पनवेलची नगरपालिका राज्यातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. २०१६ मध्ये तिची महानगरपालिका झाली. गाढी नदीवरचे देहरंग धरण हा शहराचा स्वतःचा स्रोत. त्याची साठवण थोडी, म्हणून पाताळगंगेचे पाणी आणावे लागते, आणि त्या नदीला टाटांच्या खोपोली वीजगृहातून (१९१५) सुटलेले पाणी बारमाही वाहते ठेवते. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी किलोमीटरच्या किलोमीटर लोखंडाच्या आणि प्लास्टिकच्या नळांतून, सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीतून, गच्चीवरच्या टाकीतून जाते. या सगळ्या वाटेची आतली भिंत ओली आहे आणि ओली भिंत मोकळी राहत नाही. युरोपातल्या जलवाहिन्यांच्या अभ्यासातून एक अंदाज वारंवार दिला जातो: नळांतल्या जीवाणूंपैकी सुमारे ९५ टक्के भिंतीवर असतात आणि फक्त पाच टक्के पाण्यात. तपासणीला बाटली भरून नेतो ती त्या पाच टक्क्यांची.

यात घाबरण्यासारखे कितपत आहे? नळाच्या भिंतीवरचे बहुतेक जीवाणू निरुपद्रवी असतात. थर शून्यावर आणणे कोणत्याही शहराला जमलेले नाही. काळजी आहे ती थराच्या आश्रयाला येणाऱ्या पाहुण्यांची. भारतीय मानक ब्यूरोच्या नियमाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला हवा. तो तरंगत्या जीवाणूंना पुरतो. थराच्या बाहेरच्या चिकट द्रव्याशी झगडण्यातच मात्र तो खर्ची पडतो आणि आतपर्यंत पोचत नाही. लेव्हेनहुकच्या व्हिनेगरचे झाले तेच.

त्यातच पाणी एक दिवसाआड किंवा ठरावीक तासच येत असेल तर गुंतागुंत वाढते. नळ रिकामे राहतात, दाब पडतो, फटींतून बाहेरचे गढूळ पाणी आत शिरते. पाणी सोडले की पहिला जोराचा प्रवाह भिंतीवरचा थर ओरबाडून आणतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अभ्यासकांनी हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पाणी असलेले भाग आणि अधूनमधून पाणी येणारे भाग यांची तुलना केली. अधूनमधून येणाऱ्या पाण्यात दूषितता अधिक वेळा सापडली आणि पुरवठा सुरू होतानाची पहिली धार विशेष गढूळ निघाली. नळाला पाणी आले की पहिली धार सोडून द्यायची, ही घरोघरच्या बायकांची सवय किती शहाणपणाची आहे, ते यातून कळते. कराडजवळच्या मलकापूरने २००९ च्या सुमाराला चोवीस तास पाण्याची योजना प्रत्यक्षात आणली. अशा योजनेचा विचार सोयीइतकाच आरोग्याचा म्हणून व्हायला हवा.

घरातल्या आणखी दोन जुन्या रीती याच प्रकरणात मोडतात. पहिली पाणी वस्त्रगाळ करण्याची. पटकीचा जीवाणू तळ्यानदीत बराचसा कोपेपॉड नावाच्या बारीक प्राण्यांच्या कवचाला थर करून चिकटलेला असतो. जीवाणू कापडातून सहज निसटेल एवढा लहान, पण ज्याला तो चिकटला आहे तो प्राणी निसटत नाही. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात जुन्या साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळायला लावले, तेव्हा पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. २००३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वस्त्रगाळ पाणी म्हणजे पूर्ण निर्जंतुक पाणी नव्हे, उकळण्याची जागा ते घेत नाही, पण त्यामागे कारण आहे. दुसरी रीत तांब्या-पितळेच्या भांड्यांची. तांब्याचे आयन जीवाणूंना मारक असतात, हे खरे. पण भांड्यावर थर चढला तर पाण्याला धातू भेटणार कसा? रोज चिंच लावून हंडा लख्ख घासण्यात थरही जायचा आणि ताजा धातूही उघडा पडायचा. प्लास्टिकच्या पिंपाला हे दोन्ही लाभत नाही, म्हणून त्याची आतली बाजू ब्रशने घासणे जास्त गरजेचे.

घासण्याला पर्याय नाही, हे वैद्यकाने फार महागात शिकले. १९८२ मध्ये कॉस्टर्टन यांच्या गटाने एका रुग्णाची हकीकत नोंदवली. हृदयात पेसमेकर, रक्तात स्टॅफिलोकोकस. प्रतिजैविके भरपूर दिली की ताप उतरे, थांबवली की परत येई. शेवटी पेसमेकर काढला आणि त्याची तार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तिच्यावर जीवाणूंचा जाड लेप होता. थरातल्या पेशी तरंगत्या पेशींपेक्षा प्रतिजैविकाची दहापट ते हजारपट मात्रा सहन करतात. औषध आत पोचायला वेळ लागतो. आतल्या उपाशी पेशी वाढतच नाहीत, आणि पुष्कळ औषधे वाढत्या पेशीलाच मारतात. काही थोड्या पेशी निद्रिस्त राहून वाचतात. डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी पेनिसिलिनच्या संदर्भात त्या १९४४ मध्येच पाहिल्या होत्या. शिवाय एवढ्या दाटीत प्रतिकाराची जनुके एकीकडून दुसरीकडे जायला वेळ लागत नाही. मूत्रनलिका घातलेल्या रुग्णाला जंतुसंसर्गाचा धोका दिवसागणिक वाढत जातो, तो यामुळेच. म्हणून ती गरजेपेक्षा एक दिवसही जास्त ठेवू नये. मधुमेह्याच्या पायाची न भरणारी जखम शल्यचिकित्सक पुन्हा पुन्हा खरवडून साफ करतात. नातेवाइकांना ते क्रूर वाटते. थर मोडल्याशिवाय औषधाला वाव मिळत नाही, हे त्यांना नीट समजावून सांगितले पाहिजे.

कारखानदारीलाही हा थर चुकलेला नाही. तळोज्यासारख्या औद्योगिक वसाहतीत जिथे जिथे पाण्याने यंत्रे थंड केली जातात तिथे पातळ थरही उष्णता अडवतो आणि वीज खातो. लोखंडालगत, थराच्या तळाशी, सल्फेटवर जगणारे जीवाणू धातूला खड्डे पाडतात. तेलवाहिन्यांतून म्हणूनच ‘पिग’ नावाचे खरवडणारे यंत्र ठरावीक काळाने ढकलत नेतात. जहाजांचे तर विचारूच नये. न्हावा-शेव्याला लागणाऱ्या कुठल्याही जहाजाच्या तळावर आधी जीवाणूंचा थर येतो आणि त्याच्यावर बार्नेकल, नळीकृमी बसतात. यातल्या काहींच्या पिल्लांना योग्य थराचा स्पर्श झाल्याशिवाय बसायची वेळ झाली हेच कळत नाही. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने झुआरीच्या मुखाशी निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या बुडवून हा क्रम वर्षानुवर्षे तपासला. अंबरनाथची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा तळाला लावायच्या रंगांवर काम करते. पूर्वीचे ट्रायब्युटिल टिनचे रंग प्रभावी होते, पण त्यांनी शिंपले-गोगलगायींची वाट लावली, आणि २००८ पासून त्यांच्यावर आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली.

इथवरचे वाचून थर म्हणजे संकट असे वाटेल, आणि ते पनवेलच्याच खाडीवर अन्यायाचे होईल. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर सोनेरी-तपकिरी झाक दिसते. ती डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल, नील-हरित जीवाणू आणि त्यांच्या चिकट द्रव्याची साय आहे. ती चिखलाचे कण धरून ठेवते आणि भरतीच्या पाण्याला तो सहज वाहून नेऊ देत नाही. निवटी त्याच चिखलावर छातीकडच्या परांच्या बळावर सरपटते. मोठ्या निवटीचे खाणे पाहण्यासारखे असते: तोंड चिखलाला टेकवून ती डोके डावी-उजवीकडे हलवत पुढे सरकते आणि वरची साय खरवडून घेते. मागे चिखलावर अर्धवर्तुळांची नक्षी उरते. पनवेल-उरणच्या बाजारात जिवंत निवट्या विकायला बसणाऱ्या आगरी-कोळी बायका ज्या मासळीचा भाव सांगतात, तिचे मांस या थरावर पोसलेले असते. ठाण्याच्या खाडीतल्या लहान रोहित पक्ष्यांचे अन्नही नील-हरित जीवाणू आणि डायटम हेच. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये त्या खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. खाडीत भराव पडतो तेव्हा कांदळवन गेलेले डोळ्यांना दिसते; चिखलावरची ही साय गेलेली कुणाच्या हिशेबात धरली जात नाही. ती धरली पाहिजे.

सांडपाण्याच्या बाबतीत माणसाने या थराला कामालाच लावले. नव्या पनवेल परिसरातल्या बऱ्याच मोठ्या गृहसंकुलांच्या तळघरात सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी असतो, आणि त्यांतल्या कित्येकांत एमबीबीआर ही पद्धत वापरतात. नॉर्वेत १९८० च्या दशकाअखेर ती विकसित झाली. टाकीत बाटलीच्या बुचाएवढ्या प्लास्टिकच्या हजारो चकत्या हवेच्या बुडबुड्यांनी घुसळत राहतात. नवी चकती पांढरी किंवा काळी असते. काही आठवड्यांनी तिच्या आतल्या कप्प्यांत तपकिरी, मऊ अस्तर धरते, बाहेरून मात्र ती एकमेकींवर घासून स्वच्छ राहते. अस्तराच्या वरच्या भागात अमोनियाचे नायट्रेट होते. आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. संकुलातल्या कुणी मोरीत ॲसिडचे कॅन ओतले की हे अस्तर मरते आणि चांगला चाललेला एसटीपी वास मारू लागतो. यंत्र दुरुस्त करणारा माणूस बोलावून उपयोग नसतो, कारण बिघाड यंत्रात नसतो.

पुढच्या प्रकरणांत दात, जखम, नळ, जहाज आणि चिखल यांचा एकेक करून विचार आहे. वाचकाने मात्र सूक्ष्मदर्शक असलेल्या जवळच्या महाविद्यालयाशी ओळख काढून हेन्रिचींचा प्रयोग स्वतः करून पाहावा, अशी मनापासून विनंती आहे. काचपट्ट्या दोरीला चिमट्याने बांधून तळ्यात हातभर खोल सोडाव्यात. एक दुसऱ्या दिवशी काढावी, एक चौथ्या, एक दहाव्या. हलक्या हाताने धुऊन क्रिस्टल व्हायोलेटचे थेंब टाकावेत. थराची मोजणी करायला मोठ्या प्रयोगशाळाही हाच जांभळा रंग वापरतात. पहिल्या पट्टीवर विखुरलेले ठिपके दिसतील, चौथ्या दिवशीच्या पट्टीवर त्यांचे पुंजके, आणि दहाव्या दिवशीच्या पट्टीवर पुंजक्यांमध्ये डायटमच्या नावेसारख्या आकृती शिरलेल्या. वेगवेगळ्या तळ्यांच्या आणि कासाडी-गाढी नद्यांच्या पट्ट्या शेजारी मांडल्या, तर कुठल्या पाण्यात काय चालले आहे याची पुष्कळशी कल्पना रसायनांची तपासणी व्हायच्या आधीच येईल.